एकसष्ट भांडी आणि बाळाची खाट

घरात येणारी प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस घराबाहेर जाते, हा निसर्गनियम आहे. स्वयंपाकघराला तो लागू नाही. कपडे विटतात, चपला झिजतात, नवरेसुद्धा सकाळी आठला कामावर जातात. पण स्वयंपाकघरात जे येतं ते राहायलाच येतं. एखादी काचेची बरणी घ्या. तिला झाकण नसेल, तळाशी चीर असेल, आत काय आहे हे सांगणारी शेवटची व्यक्ती वारलेली असेल. तरी ती जाणार नाही. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसेल.

ही गोष्ट सर्व जगात खरी असली तरी आमच्या सल्त गावात ती जरा जास्त खरी आहे, कारण आमचं गाव उतारावर आहे. चौऱ्याण्णव पायऱ्या चढून वर आणलेली वस्तू पुन्हा खाली नेऊन टाकायची, हा विचार ज्याला सुचतो तो जॉर्डनमध्ये दुसरीकडे कुठेतरी, सपाटीवर राहत असला पाहिजे.

आमच्या स्वयंपाकघराला लागून बेगमीची खोली आहे. लांबी एकशे नव्वद सेंटिमीटर, रुंदी एकशे चाळीस, पूर्वेला हातभर खिडकी. हे आकडे माझे नवरे रकान यांचे. ते जमीन मोजणी खात्यात आहेत आणि भावना मोजून व्यक्त करतात. (मला बघायला आले तेव्हा सगळा वेळ गप्प होते. जाताना माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमचा दिवाणखाना पाच मीटर वीस आहे." माझ्या वडिलांनी त्याचा अर्थ होकार असा लावला, आणि तो बरोबर निघाला.)

या खोलीची गरज निर्माण झाली ती ऐहममुळे. ऐहम अकरा महिन्यांचा आहे. तो आमच्या दोघांच्या मध्ये झोपतो, म्हणजे सुरुवात मध्ये होते. एकशे साठ सेंटिमीटर रुंदीच्या पलंगापैकी एकशे दहा सेंटिमीटर त्याच्याकडे आहेत, उरलेले पन्नास आम्ही नवरा-बायको समजुतीने वाटून घेतो. त्याच्यासाठी माझ्या वडिलांनी इर्बिदहून लाकडी खाट आणली होती, कठड्यावर सशांची नक्षी असलेली. ती सात तुकड्यांत, दोरीने बांधून, तो जन्मल्यापासून सोफ्यामागे उभी आहे. खाट एकशे वीस बाय साठ. घरात तेवढी मोकळी जमीन फक्त एकाच ठिकाणी मिळू शकते: बेगमीच्या खोलीत, खिडकीखाली, जिथे सकाळचं ऊन येतं. मात्र त्या जमिनीवर जमीन दिसत नव्हती.

रकानने हिशेब केला. ऐहम ज्या वेगाने वाढतो आहे त्या वेगाने आणखी चौदा महिन्यांत खाट त्याला अपुरी पडेल. म्हणजे खोली जितकी उशिरा रिकामी होईल तितके त्याच्या आयुष्यातले खाटेचे दिवस कमी होत जातील. एकदा दुपारी मी त्याला कडेवर घेऊन सोफ्यामागे डोकावलं, तर त्याने हात घालून एका सशाच्या कानाला धरलं आणि सोडेना. त्या दिवशी मी ठरवलं, खोली रिकामी करायची.

सुदैवाने त्याच आठवड्यात आमच्या उतारावरच्या महिला मंडळाने 'सुटसुटीत स्वयंपाकघर' या विषयावर एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. मार्गदर्शन करायला लमीसबाई अम्मानहून आल्या होत्या. त्या टाचांच्या बुटांत चौऱ्याण्णव पायऱ्या चढल्या (तीनदा बसल्या), पाणी प्यायल्या, आणि त्यांनी आम्हा एकोणतीस बायकांना सांगितलं की घरातली प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि तिला तीन प्रश्न विचारा. एक: तुला गेल्या वर्षभरात वापरलं का? दोन: तुझ्यासारखी दुसरी आहे का? तीन: तू गेलीस तर कोणाच्या लक्षात येईल का?

पहिल्या दोन प्रश्नांवर सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्यावर उम्म-गालिब (म्हणजे गालिबची आई; आमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात), आमच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, साठीच्या आणि आवाजाने तिशीच्या, म्हणाल्या, "बाई, तुम्ही अम्मानच्या. इथे कोणाची वाटी फुटली तर खालच्या मशिदीत कळतं."

लमीसबाई हसल्या. त्यांना ती गंमत वाटली.

मी घरी आले आणि काम सुरू केलं. या कामात माझ्या सासूबाई, हज्जा नुझ्हा, यांचं संपूर्ण सहकार्य लाभलं. त्या खुर्ची घेऊन दारात बसल्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची त्यांनी चौकशी केली. हज्जांच्या मते घरात वस्तू तीन कारणांसाठी ठेवतात: बर्फ, पाहुणे आणि युद्ध. त्यांच्या एकाहत्तर वर्षांत तिन्ही गोष्टी न सांगता आल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं अवघड जातं.

"खाला, हे तीन स्टोव्ह आहेत. एकही पेटत नाही," मी म्हटलं. (सासूला आमच्याकडे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात.)

"बर्फ पडला की बघ कसा पेटतो."

"या चाळीस प्लॅस्टिकच्या दह्याच्या डब्या?"

"पाहुणे आले तर निघताना त्यांना काय ओंजळीत देणार?"

"हे पातेलंच नसलेलं झाकण?"

इथे हज्जा थांबल्या. त्यांनी झाकण हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि म्हणाल्या, "हे दे टाकून." चार तासांत बाहेर गेलेली ती एकमेव वस्तू होती. संध्याकाळी त्या कचऱ्याच्या पिशवीतून ती परत घेऊन आल्या. पातेलं येईल, म्हणाल्या.

तर अशा रीतीने हज्जांच्या मालकीचं सर्व काही कायमचं सुरक्षित ठरल्यावर, जे हज्जांचं नाही त्याकडे वळणं भाग होतं. तेव्हा एक बाब निदर्शनास आली. खिडकीखाली, नेमक्या खाटेच्या जागेवर, गुडघाभर उंचीचे जे ढीग होते, त्यांतलं एकही भांडं आमचं नव्हतं. परात, वाडगे, खोल ताटल्या, काचेचे ट्रे, दोन मोठी पातेली. मोजून एकसष्ट.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

हज्जांनी एक वाडगा उलटा केला. तळाला नखांना लावायच्या रंगाचे दोन लाल ठिपके होते. आमच्याकडे लग्न-मयताला भांडी एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कोणाचे दोन लाल ठिपके, कोणाची मोतिया रेघ, कोणाचा फुलीसारखा काहीतरी गुलाबी प्रकार. (गल्लीत नखं रंगवणारी बाई एकही नाही. रंगाच्या बाटल्या मात्र प्रत्येक घरात आहेत.)

"ही उम्म-गालिबची," हज्जा म्हणाल्या. "कोंबडीचं सूप आलं होतं यातून. कोवळ्या गव्हाचं. तुझा तिसरा दिवस."

"माझा तिसरा दिवस?"

"बाळंतपणाचा गं. तू रडत होतीस, दूध येत नाही म्हणून."

त्यांनी दुसरं उलटं केलं. "ही मोतिया रेघ, उम्म-इस्साची. काळीज. पाचवा दिवस. तुझा चेहरा पांढरा पडला होता." तिसरं. "हे सातव्या दिवशी. हे पण सातव्या दिवशी. हा ट्रे, बाळ पिवळं पडून दवाखान्यात नेलं होतं ना, तेव्हा. दाराबाहेर ठेवून गेली बिचारी, घंटीसुद्धा वाजवली नाही."

आम्ही दोघी जमिनीवर बसून भांडी उलटी करत राहिलो. एकसष्टपैकी चार माझ्या सासऱ्यांच्या मयताची निघाली, तीन हज्जा हजहून परतल्या तेव्हाची, दोहोंचा इतिहास उपलब्ध नाही. उरलेली बावन्न, ऐहमच्या पहिल्या चाळीस दिवसांतली. मला त्यांतलं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. मला फक्त आठवत होतं की त्या दिवसांत मी सारखी भुकेली असायची आणि कोणीतरी सारखं काहीतरी भरवायचं. ते सगळं इथे होतं, गुडघाभर उंच, धुऊन ठेवलेलं.

थोडक्यात सांगायचं तर, ज्या भांड्यांमुळे माझ्या मुलाला जागा नव्हती, ती भांडी माझ्या मुलामुळेच आली होती.

आता कोणी विचारेल, मग परत का केली नाहीत? हा प्रश्न विचारणाऱ्याचं पालनपोषण कुठे झालं हे विचारावं लागेल. भांडं रिकामं परत जात नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, कारण लिहावं लागावं अशी परिस्थिती कधी आली नाही. त्यात काहीतरी शिजवून घालायचं आणि मग पाठवायचं. यातून पुढील अडचण उद्भवली, ती मी क्रमाने मांडते, म्हणजे त्यातली शिस्त लक्षात येईल:

खाट लावण्यासाठी भांडी परत करणं आवश्यक आहे. भांडी परत करण्यासाठी स्वयंपाक करणं आवश्यक आहे. एकसष्ट भांडी भरतील इतका स्वयंपाक करण्यासाठी दोन्ही हात मोकळे असणं आवश्यक आहे. दोन्ही हात मोकळे होण्यासाठी ऐहमला खाली ठेवणं आवश्यक आहे. ऐहमला खाली ठेवण्यासाठी खाट लावणं आवश्यक आहे.

रकानने याचा नकाशा काढून दिला. तो वर्तुळाकार होता.

तरीही मी प्रयत्न केला. ऐहमला पाठीशी बांधून मी एका मंगळवारी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या करायला घेतल्या. एका खोल ताटलीला साठ गुंडाळ्या लागतात. ऐहम पाठीवरून हात घालून एकेक पान उचलायचा आणि माझ्या कानात कोंबायचा. संध्याकाळपर्यंत अडतीस गुंडाळ्या झाल्या. रकान कामावरून भुकेले आले. भांड्यांची संख्या: एकसष्ट.

"रोज दोन भांडी धरली तरी एक महिना," रकान जेवता जेवता म्हणाले. "आणि रोज शून्य होत असतील तर..."

"तर किती?"

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, पाहिली आणि परत ठेवली. मोजणी खात्याच्या माणसाला शून्याने भागायला लावू नये.

यानंतरच्या शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मी आणि ऐहम झोपेत असताना आणि हज्जा गच्चीवर पुदिन्याला पाणी घालत असताना, माझ्या नवऱ्याने मला मदत केली. या वाक्यातला एकही शब्द मी उपरोधाने लिहिलेला नाही. त्यांनी ढिगाच्या वरची नऊ भांडी घेतली, पुन्हा एकदा घासली, फडक्याने पुसून चकचकीत केली, दोन पिशव्यांत भरली आणि पायऱ्या उतरून नऊ घरी नेऊन दिली. तासाभरात घामाघूम होऊन परत आले. चेहऱ्यावर असं समाधान मी पूर्वी फक्त एकदा पाहिलं होतं, ऐहमची लांबी मोजली तेव्हा.

"झालं!" ते म्हणाले. "नऊ! तुम्ही बायका उगाच बाऊ करता."

हज्जा नुकत्याच गच्चीवरून उतरल्या होत्या. "काय नेलंस?"

"भांडी, यम्मा. परत दिली."

"काय घातलंस त्यांत?"

"काही नाही. धुऊन दिली ना स्वच्छ."

हज्जा सावकाश खाली जमिनीवर बसल्या. "रिकामी."

"हो."

"उम्म-गालिबच्या हातात रिकामा वाडगा दिलास."

"दिला. तिने घेतला. देव तुझं भलं करो म्हणाली."

"मग आणखी काय म्हणणार ती! घरात दाणा नाही असं गल्लीभर सांगून आलास तू, आणि वर विचारतोस काय झालं!" हज्जांनी डोक्याला हात लावला. "अरे, लहानपणी तूच न्यायचास ना भांडी? पायऱ्यांवरून धावत?"

"नेत होतो. पण तेव्हा ती भरलेली असायची," रकान अगदी मनापासून म्हणाले. "मला वाटायचं, तुला लोकांना खाऊ घालायला आवडतं. नियम आहे हे मला कोणी सांगितलंच नाही."

हज्जांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐहमकडे पाहिलं. ऐहमने रकानकडे पाहून टाळी वाजवली. नवीनच शिकला होता.

त्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत जे अंदाज बांधले गेले ते नंतर आमच्या कानावर आले. रकानची नोकरी गेली, असं सहा घरांचं मत पडलं. मी माहेरी निघून गेले, असं चार घरांचं. पण मी गच्चीवर लंगोट वाळत घालताना दिसल्यावर ते मागे घेण्यात आलं. हज्जा आणि मी चुली वेगळ्या केल्या आणि दोघींच्याही चुली पेटल्या नाहीत, असा एक गुंतागुंतीचा पक्ष होता. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: या घरातून रिकामं भांडं आलं आहे, म्हणजे या घरात भरायला काही उरलेलं नाही. आणि ही बाब इतकी नाजूक आहे की तिच्याबद्दल विचारायचं नाही.

म्हणून कोणी विचारलं नाही. तीन वाजता घंटी वाजली. उम्म-गालिब. हातात परात, परातीत भात, भातावर दोन अख्ख्या कोंबड्या आणि बदाम.

"चुकून जास्त झालं होतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावून घर रिकामं दिसतंय का ते पाहून घेतलं.

"उम्म-गालिब, अहो, आमच्याकडे सगळं..."

"असू दे, असू दे, माझे आई." त्यांनी माझा गाल कुरवाळला. "दिवस सारखे नसतात." आणि त्या डोळे पुसत पायऱ्या उतरल्या.

साडेतीनला पालक आणि मटण आलं. चारला मसूर, बिनतुपाचा, कारण उम्म-इस्सा ख्रिस्ती, त्यांचा ईस्टरआधीचा उपास चालू होता आणि आमच्या अडचणीपायी त्यांनी उपास मोडला नाही तरी तेल मात्र हात सैल सोडून घातलं होतं. मग वांगी. मग भोपळे भरलेले. मग कोणाच्या तरी शेजारणीच्या बहिणीकडून, जिला आम्ही ओळखत नाही, एक टोपलीभर अंडी. संध्याकाळच्या नमाजापर्यंत तेवीस घरांतून सत्तावीस भांडी आली. देताना तेवीसपैकी तेवीस बायकांनी "चुकून जास्त झालं होतं" हेच वाक्य उच्चारलं. एका लहानशा गल्लीत एकाच दुपारी तेवीस बायकांचा अंदाज चुकतो, ही गोष्ट संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासण्यासारखी आहे.

एकूण स्थिती अशी: मूळ एकसष्ट, वजा नऊ, अधिक सत्तावीस. शिल्लक एकोणऐंशी. मदतीपूर्वीच्या तुलनेत वाढ सुमारे तीस टक्के.

बेगमीच्या खोलीचं दार आता लागेना. भांडी बोळात आली, कपडे धुण्याच्या यंत्रावर चढली, आणि सोफ्यामागे जी दोरीने बांधलेली खाट होती तिच्यावरही एक ट्रे आडवा ठेवावा लागला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून तो ट्रे पाहत होते. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. एवढ्या माणसांनी एवढं अन्न पाठवलं आहे आणि आपण त्याच्याकडे पाहून रडतोय, याची लाज वाटून आणखी येत होतं. तेवढ्यात मागे काहीतरी वाजलं. ऐहम बोळातल्या उम्म-गालिबच्या मोठ्या पातेल्याला धरून उभा होता. आधार सोडला, दोन क्षण स्वतःच्या पायांवर उभा राहिला, आणि बदकन बसून पातेल्यावर हात आपटून हसायला लागला.

रकानने लगेच टेप आणली. उंची बहात्तर. "चौदा महिने नाही," ते हळूच म्हणाले. "बारा."

रात्रभरात हज्जांनी विचार केला असावा. सकाळी त्या गच्चीच्या कठड्यापाशी गेल्या आणि त्यांनी एक निर्णय दिला. मी अनेक वकील पाहिले आहेत, पण कायद्याच्या पोटात शिरून त्याच्या पाठीतून बाहेर पडणं मी पहिल्यांदा त्या सकाळी पाहिलं.

"उम्म-गालिब!" त्या ओरडल्या. "वर ये जेवायला! सगळ्यांना घेऊन ये!"

"जेवायला?" खालून आवाज आला. "तुमच्याकडे जेवायला आहे?"

"तुम्हीच पाठवलंय!"

निर्णयाचा सारांश असा. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हे खरं. परंतु भांड्याची मालकीण स्वतः आली, भांडं तिच्या डोळ्यांदेखत रिकामं झालं, आणि तिने ते आपल्या हाताने नेलं, तर ते परत पाठवणं होत नाही. ते नुसतं घरी जाणं होतं.

दुपारी गच्चीवर चादरी अंथरल्या. तेवीस बायका आल्या, एप्रिलचं ऊन होतं, वारा होता, पुदिन्याचा वास होता. एकोणऐंशी भांडी आम्ही वर चढवली. भरलेली मध्ये, रिकामी कडेने. सुरुवातीला कोणी हात घालेना.

"माझं पाठवलेलं मीच खाऊ?" उम्म-गालिब म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोक सगळे इथेच आहेत," हज्जा म्हणाल्या. "विचार त्यांना."

शेवटी अशी तडजोड झाली की प्रत्येकीने शेजारणीच्या भांड्यातलं खायचं. मग एकदम गलका झाला. उम्म-इस्सा उपासाच्या म्हणून फक्त मसूर आणि वांगी घेऊन बसल्या आणि बाकीच्यांच्या कोंबडीला मीठ कमी आहे की जास्त हे केवळ रंगावरून सांगत राहिल्या.

"पण मला एक सांगा," उम्म-गालिब हाड चोखत म्हणाल्या, "म्हणजे रकानची नोकरी गेलेली नाही?"

"नाही."

"आणि घरात खायला आहे?"

"आहे हो. तेल आहे, तांदूळ आहे, तीन स्टोव्ह आहेत."

"मग काल मी दोन कोंबड्या कशाला कापल्या?"

"रकानने भांडी रिकामी आणून दिली म्हणून."

मग कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "म्हणजे पुरुषाने घरकाम केलं?" आणि असा हशा झाला की खाली पायऱ्यांवर बसलेल्या रकानने ऐहमला उचललं आणि ते दोघं शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन बसले.

जाताना एकेकीने आपापलं भांडं उलटं करून ठिपके पाहिले. कोणी आपला वाडगा वर्षाने भेटल्यासारखा छातीशी धरला. कोणाकोणाला आपण काय पाठवलं होतं ते आठवलं, आणि मी ते खाल्लं होतं का, आवडलं होतं का, दूध आलं होतं का, असं सगळं त्यांनी विचारलं. दूध आलं होतं, मी सांगितलं. बघा ना त्याच्याकडे. शहात्तर भांडी घरी गेली. तीन भांड्यांची मालकीण सापडली नाही. ती हज्जांच्या नावे लागली. (त्यांतल्या एका पातेल्यावर ते झाकण बसलं. हज्जांनी ते दोनदा लावून दाखवलं. मग माझ्याकडे पाहिलं.)

आणि खोली रिकामी झाली. जमीन दिसली. ती फिकट पिवळ्या फरश्यांची आहे, हे या घरात सहा वर्षं राहून मला त्या दिवशी कळलं. रकानने खाट जोडली. एक स्क्रू उरला, तो त्यांनी खिशात घातला आणि दोन दिवस त्याच्याविषयी कोणाशी बोलले नाहीत. ऐहमला खाटेत ठेवलं. त्याने सशाचा कान धरला, उन्हाचा पट्टा अंगावर घेतला, आणि सकाळची झोप घेतली. चाळीस मिनिटं.

अकरा महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे होते. मी ते समोर धरून पाहिले. काय करावं सुचेना. आधी वाटलं, केस विंचरावेत. मग वाटलं, चहा गरम असतानाच प्यावा. मग आठवलं, खालच्या वळणावरची तहानी मंगळवारी बाळंत झाली आहे, आणि तिला आई नाही.

तेव्हा मी कोंबडी चढवली. कोवळा गहू घातला. आमच्याकडच्या एका खोल वाडग्याच्या तळाला आमचे तीन निळे ठिपके आहेत ते पाहून घेतलं, सूप भरलं, आणि ऐहम उठायच्या आत पायऱ्या उतरून देऊन आले. तहानीच्या ओट्यावर जागा नव्हती. फ्रीजवर नव्हती. तिच्या बाळाची नवी कोरी खाट भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्या पुढ्यात एकावर एक अकरा भांडी होती.

"उम्म-ऐहम," तहानी अंथरुणातून म्हणाली, डोळे सुजलेले, "देव तुमचं भलं करो, पण ठेवू कुठे हे?"

"कुठेही ठेव गं," मी म्हटलं. "आणि परत करायची मुळीच घाई करू नकोस."

तिच्याकडे आता चौतीस भांडी झाली आहेत, असं उम्म-गालिब सांगतात. खोलीचं दार अजून लागतं. मला वाटतं, आणखी आठवडाभर लागेल.

इथवर वाचलंत म्हणजे तुम्हीही स्वयंपाकघर आवरायला काढलं असणार. तुमचा वेळ घेत नाही. एकच मोजणी करून पाहा. तुमच्याकडे दुसऱ्यांची किती भांडी आहेत ते नको, तुमची किती भांडी या घडीला दुसऱ्यांच्या घरी आहेत तेवढं सांगा. चार, पाच असतील तर तुमचं अवघड आहे, तुमचं घर कधीच नीट आवरून व्हायचं नाही. आणि एकही नसेल, तर अभिनंदन. तुमचं घर लखलखीत आहे, आणि ते तसंच राहील. बिघडवायला कोणी येणार नाही.